हर्बर्ट हूवर : इंजिनिअर राष्ट्राध्यक्ष पास की नापास?

हूवर हे नाव आपल्यापैकी बहुतेकांनी दोनच ठिकाणी ऐकलेलं असतं. एक म्हणजे अमेरिकेतलं हूवर डॅम आणि दुसरं व्हॅक्यूम क्लीनर. व्हॅक्यूम क्लीनरवाले हूवर वेगळे, त्यांचा या गोष्टीशी काही संबंध नाही. धरणाला ज्यांचं नाव आहे ते हर्बर्ट क्लार्क हूवर म्हणजे अमेरिकेचे ३१ वे राष्ट्राध्यक्ष. १९२९ ते १९३३ ही त्यांची चार वर्षांची कारकीर्द. आणि आपल्या दृष्टीने महत्त्वाचं म्हणजे ते इंजिनिअर होते. डिग्री एकीकडे आणि नोकरी दुसरीकडे असं त्यांचं नव्हतं. खाणीत उतरून, धूळ खाऊन नाव आणि पैसा कमावलेले ते खरेखुरे मायनिंग इंजिनिअर होते.

मेसमध्ये जेवताना राजकारणाचा विषय निघाला की कोणीतरी हमखास म्हणतंच, की देश एकदा इंजिनिअरच्या हातात देऊन बघायला पाहिजे. हिशोब पक्का, काम वेळेवर, भाषणबाजी कमी! मित्रांनो, अमेरिकेने हा प्रयोग १९२८ मध्ये करून बघितलेला आहे. आणि तिथले इतिहासकार जेव्हा जेव्हा राष्ट्राध्यक्षांची क्रमवारी लावतात तेव्हा हूवर यांचा नंबर बराच खाली असतो. इतका हुशार, इतका कामसू आणि अगदी स्वच्छ हाताचा माणूस देशांतर्गत धोरणात एवढा कसा आपटला, हे मला समजून घ्यायचं होतं. म्हणून हा लेख.

हर्बर्टचा जन्म १० ऑगस्ट १८७४ ला आयोवा राज्यातल्या वेस्ट ब्रँच नावाच्या छोट्या गावात झाला. वडील लोहार. घराणं क्वेकर पंथाचं, म्हणजे साधी राहणी, शांतपणे प्रार्थना आणि एकमेकांना मदत करणं हाच धर्म. हर्बर्ट सहा वर्षांचा असताना वडील गेले, आणि साडेनऊ वर्षांचा असताना आईसुद्धा गेली. तीन भावंडं नातेवाईकांत वाटली गेली. हर्बर्टला ११ व्या वर्षी ट्रेनने ओरेगॉन राज्यात मामाकडे पाठवलं. मामा डॉक्टर होते, शिस्तीचे कडक. पुढे त्यांच्याच जमीनविक्रीच्या ऑफिसमध्ये तो पोऱ्या म्हणून काम करायचा आणि रात्री गणिताच्या क्लासला जायचा.

१८९१ मध्ये कॅलिफोर्नियात स्टॅनफर्ड युनिव्हर्सिटी नव्याने सुरू झाली. तेव्हा तिथे ट्यूशन फी नव्हती, म्हणून हर्बर्टने परीक्षा दिली. गणितात चमकला, पण इतर विषयांत कच्चा निघाला. तरी त्याची जिद्द बघून त्याला घेतलं. इंग्रजीचा पेपर मात्र त्याच्या मानगुटीवर अगदी शेवटच्या वर्षापर्यंत बसला होता. आपल्या भाषेत सांगायचं तर इंग्लिशची एटीकेटी! एन्सिना हॉल या मुलांच्या हॉस्टेलमध्ये राहायला आलेला पहिला विद्यार्थी आपणच, असं ते पुढे अभिमानाने सांगायचे. खर्च भागवण्यासाठी त्याने मुलांचे कपडे लाँड्रीला पोचवले, पेपर टाकले, प्रोफेसरांच्या हाताखाली ऑफिसचं काम केलं. विद्यार्थी संघटनेचा खजिनदार झाला आणि तिचं कर्ज फेडून दाखवलं. १८९५ मध्ये तो जिऑलॉजी घेऊन पास झाला. तिथेच पुढे भेटलेली लू हेन्री ही जिऑलॉजीचीच विद्यार्थिनी. दोघांचं लग्न १८९९ मध्ये झालं.

डिग्री मिळाली तेव्हा मंदी होती. नोकरी कुठे मिळेना. शेवटी हूवर यांनी नेवाडा सिटीच्या सोन्याच्या खाणीत अगदी साध्या मजुराचं काम धरलं. दिवसाचे दहा तास ढकलगाडी ओढायची आणि दोन डॉलरच्या आसपास मजुरी. पण दोनच वर्षांत, म्हणजे १८९७ मध्ये, लंडनच्या बेविक मोरिंग कंपनीने त्यांना पश्चिम ऑस्ट्रेलियात पाठवलं. कंपनीला अनुभवी आणि वयस्क इंजिनिअर हवा होता, हे तर फक्त २२ वर्षांचे. म्हणून त्यांनी मोठं दिसण्यासाठी दाढीमिशा वाढवल्या असं सांगतात. फ्रेशरकडे दहा वर्षांचा अनुभव मागण्याची पद्धत तेव्हाही होतीच तर!

ऑस्ट्रेलियात त्यांनी सन्स ऑफ ग्वालिया नावाची खाण हेरली आणि ती कंपनीला घ्यायला लावली. (ग्वालिया म्हणजे आपलं ग्वाल्हेर नाही, ते वेल्सचं जुनं नाव आहे.) खाणीतून सोनं भरपूर निघालं. तिथे खर्च कमी करण्यासाठी त्यांनी कामाचे तास वाढवले आणि युनियनला शह म्हणून इटालियन मजूर आणले. कामगिरी उत्तम, पण मजुराकडे बघायची नजर थोडी कोरडी. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागेल. नंतर चीन. १९०० मध्ये बॉक्सर बंडाच्या वेळी हूवर पतीपत्नी तिएनत्सिन शहराच्या वेढ्यात अडकले होते. त्यानंतर ब्रह्मदेशातली बॉडविनची शिसं आणि चांदीची खाण. तेव्हा ब्रह्मदेश हा ब्रिटिश हिंदुस्थानचाच प्रांत होता. १९०९ मध्ये त्यांनी खाणकामावर पाठ्यपुस्तक लिहिलं. १९१२ मध्ये नवराबायकोने मिळून १५५६ सालचा ॲग्रिकोलाचा खाणशास्त्रावरचा लॅटिन ग्रंथ इंग्रजीत आणला. चाळिशीत पोचेपर्यंत माणूस गडगंज श्रीमंत झाला होता.

इथपर्यंतची गोष्ट कुठल्याही यशस्वी माणसाची वाटते. खरा ट्विस्ट १९१४ मध्ये आहे.

पहिलं महायुद्ध सुरू झालं तेव्हा हूवर लंडनमध्ये होते. जर्मनीने बेल्जियम जिंकला. त्या देशाला निम्म्याहून जास्त अन्न बाहेरून आणावं लागायचं, आणि ब्रिटिश नौदलाने तर समुद्र अडवलेला. उपासमार समोर दिसत होती. हूवर यांनी आपला धंदा बाजूला ठेवला आणि बेल्जियम मदत आयोग उभा केला. एका बाजूला जर्मन लष्कर, दुसऱ्या बाजूला ब्रिटिश सरकार, दोघांशी बोलणी करत त्यांनी बेल्जियम आणि उत्तर फ्रान्समधल्या नव्वद लाखांहून जास्त लोकांना युद्ध संपेपर्यंत जेवू घातलं. स्वतः एक पैसा पगार घेतला नाही. जहाजं, पोती, आगगाड्या, बेकऱ्या, रेशनकार्डं, सगळं एखाद्या मोठ्या प्रोजेक्टसारखं चालवलं.

आता यातली एक बारीक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. या कामाला लोकांनी देणग्या दिल्या, हजारो स्वयंसेवक राबले, हे खरं. पण पैशाचा मोठा भाग आला तो सरकारांकडून. आधी ब्रिटन आणि फ्रान्स, नंतर अमेरिका. म्हणजे बेल्जियमचं पोट भरलं ते स्वयंसेवकांच्या हातांनी आणि सरकारांच्या तिजोरीतून. हूवर यांच्या मनावर मात्र ठसा राहिला तो स्वयंसेवकांचा.

१९१७ मध्ये अमेरिका युद्धात उतरली आणि राष्ट्राध्यक्ष विल्सन यांनी हूवर यांना अन्न प्रशासक केलं. त्यांनी सक्तीचं रेशनिंग टाळलं. आठवड्यातून एक दिवस मांस नको, एक दिवस गहू नको, असं लोकांना आवाहन केलं आणि घराघरातल्या बायकांनी ते पाळलं. १९२१ च्या रशियातल्या दुष्काळात तर हूवर यांच्या संस्थेने साम्यवादी राजवटीतल्या लोकांनाही अन्न पुरवलं. १९२२ च्या उन्हाळ्यात हा आकडा रोज एक कोटीच्या वर गेला होता. भुकेल्यांचा राजकीय पक्ष विचारायचा नसतो, हे त्यांनी करून दाखवलं.

१९२१ ते १९२८ हूवर वाणिज्य मंत्री होते, आणि माझ्या मते आपण इंजिनिअर लोकांनी त्यांचं सगळ्यात जास्त कौतुक करावं ते इथे. स्टँडर्डायझेशन हा आपल्याला बोअर वाटणारा विषय. पण तेव्हा अमेरिकेत रस्त्याला घालायच्या विटांचे ६६ प्रकार होते! एका कारखान्याची वीट दुसऱ्याच्या विटेशेजारी बसायची नाही. हूवर यांनी कारखानदारांना एकत्र बसवलं आणि हे प्रकार मोजक्यावर आणले. नटबोल्ट, पाइप, टायर, गाद्या अशा कितीतरी वस्तूंची मापं याच पद्धतीने ठरली. विमान वाहतुकीचा १९२६ चा कायदा, रेडिओच्या लहरींची वाटणी करणारा १९२७ चा कायदा, यांच्यामागेही तेच होते. कोलोरॅडो नदीच्या पाण्यावरून सात राज्यं भांडत होती. त्यांच्यात १९२२ मध्ये सांता फे इथे करार झाला तो हूवर यांच्या अध्यक्षतेखाली. या कराराशिवाय पुढे हूवर डॅम झालंच नसतं.

१९२७ मध्ये मिसिसिपी नदीला भयानक पूर आला आणि सहा लाखांहून जास्त लोक बेघर झाले. मदतकार्य हूवर यांच्याकडेच. तंबू, बोटी, अन्न, औषधं, सगळं झटपट. पेपरमध्ये रोज फोटो. पण त्या छावण्यांमध्ये कृष्णवर्णीय मजुरांवर बंदूकधारी पहारा होता आणि त्यांच्याकडून बांध घालण्याचं काम जबरदस्तीने करून घेतलं जात होतं. ओरड झाल्यावर हूवर यांनी रॉबर्ट मोटन या कृष्णवर्णीय नेत्याच्या हाताखाली चौकशी समिती नेमली. समितीने जे पाहिलं त्याचा फारसा गाजावाजा होऊ दिला गेला नाही, आणि मोटन यांना जी आशा दाखवली होती ती निवडून आल्यावर पुरी झाली नाही. पुराचं पाणी कुठे किती चढलं ते हूवर यांना नीट दिसत होतं, छावणीतला माणूस तितका दिसत नव्हता.

नोव्हेंबर १९२८ च्या निवडणुकीत हूवर यांनी ४८ पैकी ४० राज्यं जिंकली. त्याआधी त्यांनी साधी नगरपालिकेची निवडणूकसुद्धा लढवली नव्हती. ४ मार्च १९२९ ला शपथ घेतली तेव्हा देशाला वाटत होतं की आता सगळे प्रश्न स्लाइड रूलने सुटणार. सातच महिन्यांत, ऑक्टोबर १९२९ मध्ये, न्यूयॉर्कचा शेअर बाजार कोसळला.

एक गैरसमज आधी दूर करते. मंदी आली आणि हूवर हातावर हात ठेवून बसले, असं सर्रास सांगितलं जातं. ते बरोबर नाही. त्यांच्या आधीच्या राष्ट्राध्यक्षांपेक्षा त्यांनी खूप जास्त केलं. बाजार पडल्यावर महिन्याभरातच त्यांनी हेन्री फोर्डसारख्या बड्या उद्योगपतींना व्हाइट हाउसमध्ये बोलावलं आणि मजुरी कापू नका असं सांगितलं. राज्यांना बांधकामं लवकर सुरू करायला सांगितली. सरकारी बांधकामावरचा खर्च वाढवला. विटांच्या मापासाठी जी युक्ती चालली होती तीच इथे : सगळ्यांना एका टेबलावर बसवा, आकडे दाखवा, ते आपणहून शहाण्यासारखं वागतील.

जवळजवळ वर्षभर मोठ्या कंपन्यांनी शब्द पाळला. पण विटेचं माप बदलण्यात कारखानदाराचा फायदा होता. मंदीत मजुरी न कापण्यात तोटा होता. मालच खपेना तेव्हा आधी माणसं कमी झाली, मग १९३१ मध्ये मजुरीही कापली गेली. आवाहनाला कायद्याचा जोर नव्हता आणि तो द्यायला हूवर तयार नव्हते.

आकड्यांचा हा माणूस आकड्यांतही फसला. जानेवारी १९३० मध्ये सरकारने रोजगार वाढतोय असं जाहीर केलं. न्यूयॉर्क राज्याच्या कामगार खात्याच्या प्रमुख फ्रान्सेस पर्किन्स यांनी आपल्याकडची आकडेवारी मांडून ते जाहीरपणे खोडून काढलं. (१९३३ मध्ये याच पर्किन्सबाई अमेरिकेच्या पहिल्या महिला कॅबिनेट मंत्री झाल्या.) दोन वर्षांनी हूवर यांच्याच बेकारी मदत समितीचे प्रमुख वॉल्टर गिफर्ड सिनेटसमोर साक्षीला उभे राहिले. देशात मदतीची गरज नक्की किती लोकांना आहे, याचा आकडा त्यांच्याकडे नव्हता!

आता त्या दुष्काळाची गोष्ट. माझ्या मते हूवर यांच्या पूर्ण कारकीर्दीची किल्ली इथेच आहे. १९३० मध्ये दक्षिणेकडच्या राज्यांत मोठा दुष्काळ पडला. आर्कान्सासमध्ये शेतकऱ्यांच्या घरात दाणा उरला नाही. काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, डिसेंबरमध्ये साडेचार कोटी डॉलरची मदत मंजूर केली. या पैशातून शेतकऱ्याला कर्जाने बियाणं, खत आणि जनावरांची वैरण मिळणार होती. माणसांच्या जेवणासाठी मात्र यात काही नव्हतं, कारण सरकारने थेट माणसाला जेवू घालायला हूवर यांचा विरोध होता. ते काम रेड क्रॉसचं, शेजाऱ्यापाजाऱ्यांचं, चर्चचं, असं त्यांचं म्हणणं. सरकारी अन्नाची सवय लागली की माणूस लाचार होतो आणि शेजारधर्म मरतो, अशी त्यांची मनापासून समजूत होती. मग विरोधकांनी विचारलं, की खेचराला खायला द्यायचं आणि खेचराच्या मालकाला नाही, हे कुठलं तत्त्व? जानेवारी १९३१ मध्ये आर्कान्सासच्या इंग्लंड नावाच्या गावात भुकेले शेतकरी दुकानांसमोर जमले आणि अन्न मागायला लागले.

बेल्जियमच्या मुलाला सरकारी पैशाचं दूध चालतं, रशियातल्या शेतकऱ्याला अमेरिकन सरकारचा मका चालतो, मग आर्कान्सासच्या शेतकऱ्याला का नाही? हूवर क्रूर नव्हते. खाजगीत ते स्वतःच्या खिशातून सतत मदत करत होते, राष्ट्राध्यक्षपदाचा पगारसुद्धा त्यांनी वाटून टाकला. पण बेल्जियमचं डिझाइन त्यांनी चुकीचं लक्षात ठेवलं होतं. स्वयंसेवक हा त्या इमारतीचा दर्शनी भाग होता, खालचे कॉलम सरकारी पैशाचे होते. अमेरिकेत त्यांनी दर्शनी भाग उभारला आणि कॉलम घालायचं नाकारलं.

दुसरीकडे गव्हाचं काय झालं तेही बघा. १९२९ च्या कायद्याने हूवर यांनी फार्म बोर्ड स्थापन केलं होतं, ५० कोटी डॉलरचा निधी देऊन. बोर्डाने गहू आणि कापूस विकत घेऊन भाव टिकवायचा. पण किती पेरायचं यावर काही मर्यादा नव्हती, म्हणून शेतकरी पेरत राहिले आणि भाव पडतच राहिला. कोठारांत सरकारी गव्हाचे डोंगर आणि शहरात ब्रेडसाठी रांगा! हा गहू रेड क्रॉसमार्फत गरिबांना द्यायचा निर्णय व्हायला मार्च १९३२ उजाडला.

इतर चुकाही लहान नव्हत्या. जून १९३० मध्ये त्यांनी स्मूट हॉली कायद्यावर सही करून आयात मालावरचे कर वाढवले. एक हजाराहून जास्त अर्थतज्ज्ञांनी सही करू नका म्हणून विनंती केली होती. कॅनडासारख्या शेजाऱ्याने लगेच उलटे कर लावले. मंदी एकट्या या कायद्याने आली नाही, पण बुडत्याला बाहेर काढायच्या ऐवजी त्याच्या पायात दगड बांधल्यासारखं झालं. १९३२ मध्ये बजेट जुळवण्यासाठी करही वाढवले, वरच्या उत्पन्नावरचा दर २५ टक्क्यांवरून ६३ टक्क्यांवर गेला. डॉलर सोन्याशी बांधलेला होता तो सोडायला ते तयार नव्हते. १९३० ते १९३२ या तीन वर्षांत पाच हजारांहून जास्त बँका बुडाल्या, आणि तेव्हा ठेवींना विमा नव्हता. म्हणजे बँक गेली की आयुष्यभराची बचतही गेली.

मग जमेच्या बाजूला काही आहे का? आहे, आणि ते बऱ्याच जणांना माहीत नसतं. जानेवारी १९३२ मध्ये हूवर यांनी रिकन्स्ट्रक्शन फायनान्स कॉर्पोरेशन नावाची सरकारी संस्था काढली. बँका, रेल्वे, विमा कंपन्या यांना कर्ज द्यायला तिच्याकडे दोन अब्ज डॉलरपर्यंतची ताकद होती. शांततेच्या काळात अमेरिकन सरकारने एवढं मोठं पाऊल आधी कधीच उचललं नव्हतं. मार्च १९३२ च्या नॉरिस ला गार्डिया कायद्याने संप मोडण्यासाठी कोर्टाचे मनाई हुकूम आणायच्या मालकांच्या सवयीला चाप बसला. जुलै १९३२ च्या कायद्याने घरकर्जांना आधार देणाऱ्या बँकांचं जाळं सुरू झालं, ते आजही चालू आहे. त्याच महिन्यात राज्यांना बेकारांच्या मदतीसाठी ३० कोटी डॉलर कर्जाने द्यायची तरतूद झाली. म्हणजे शेवटी तत्त्वाला मुरड घातलीच, पण अडीच वर्षं उशिरा आणि हात आखडता घेऊन.

त्यातही लोकांच्या डोळ्यात खुपलं ते वेगळंच. या फायनान्स कॉर्पोरेशनचे प्रमुख चार्ल्स डॉज यांनी जून १९३२ मध्ये राजीनामा दिला, आणि लगेच त्यांच्या शिकागोच्या बँकेला याच संस्थेकडून नऊ कोटी डॉलरचं कर्ज मिळालं. ती बँक बुडाली असती तर शिकागोच्या बाकीच्या बँकाही बुडाल्या असत्या, हे खरं असेल. पण बँकेला नऊ कोटी देताना लाचारीचा प्रश्न येत नाही आणि उपाशी माणसाला पोतंभर पीठ देताना येतो, हे लोकांना पटेना. कोणालाच पटलं नसतं.

लोकांनी आपला राग हूवर यांच्या नावावर काढला. बेघरांच्या पत्र्याच्या आणि खोक्यांच्या झोपडपट्ट्यांना हूवरव्हिल हे नाव पडलं. अंगावर पांघरलेल्या जुन्या पेपरांना हूवर ब्लँकेट म्हणायला लागले आणि बाहेर काढलेल्या रिकाम्या खिशाला हूवरचा झेंडा. १९१७ मध्ये याच माणसाच्या नावाचं क्रियापद झालं होतं, हूवराइझ करणं म्हणजे अन्न वाचवणं. पंधरा वर्षांत नावाचा अर्थ असा फिरला.

शेवटचा घाव १९३२ च्या उन्हाळ्यात बसला. पहिल्या महायुद्धात लढलेल्या सैनिकांना १९४५ मध्ये बोनस मिळणार होता. बेकार झालेले हे माजी सैनिक म्हणायला लागले की तो आत्ताच द्या. हजारो सैनिक, काही बायकामुलांसकट, वॉशिंग्टनमध्ये येऊन झोपड्या बांधून राहिले. १७ जूनला सिनेटने त्यांची मागणी फेटाळली. २८ जुलैला पोलिसांच्या गोळीबारात दोन सैनिक जखमी होऊन दगावले आणि हूवर यांनी लष्कर बोलावलं. जनरल डग्लस मॅकआर्थर यांनी घोडदळ, रणगाडे आणि अश्रुधूर घेऊन स्वारी केली. नदी ओलांडू नका असा हूवर यांचा निरोप होता, तो न जुमानता मॅकआर्थर यांनी पलीकडची मुख्य छावणी रिकामी केली आणि ती जळून खाक झाली. आपल्याच माजी सैनिकांवर आपलंच लष्कर चालून जातंय, असे फोटो सगळ्या देशाने पाहिले. हूवर यांनी मॅकआर्थर यांना जाहीरपणे दोष दिला नाही, सगळं स्वतःवर घेतलं. यात मोठेपणा आहे. पण आंदोलकांत गुन्हेगार आणि कम्युनिस्ट भरलेत असं सरकारने सांगणं, त्यात मात्र मोठेपणा नव्हता.

नोव्हेंबर १९३२ मध्ये फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी ४२ राज्यं जिंकली, हूवर यांच्या वाट्याला ६ आली. मार्च १९३३ मध्ये ते पायउतार झाले तेव्हा साधारण चारातला एक कामगार बेकार होता. रूझवेल्ट यांनी हूवर यांची फायनान्स कॉर्पोरेशन बंद केली नाही, उलट ती जोरात वापरली. फरक केला तो मुळातच : सरकारने बेकाराला थेट काम आणि थेट मदत दिली, आणि बँकेतल्या ठेवींना विमा दिला. रूझवेल्ट यांच्या योजनांनीही मंदी एका झटक्यात गेली नाही. पण सरकार आपल्याकडे बघतंय, हे लोकांना कळलं.

धरणाच्या नावाचंही राजकारण झालं. १९३० मध्ये हूवर यांच्याच मंत्र्याने त्याला हूवर डॅम नाव दिलं. १९३३ मध्ये नव्या मंत्र्याने ते पुसून बोल्डर डॅम केलं. ७२६ फूट उंचीचं हे धरण १९३५ मध्ये पूर्ण झालं तेव्हा उद्घाटन रूझवेल्ट यांनी केलं. शेवटी १९४७ मध्ये कायदा करून हूवर यांचं नाव परत दिलं गेलं.

हूवर पुढे तीस वर्षं जगले. दुसऱ्या महायुद्धानंतर जगात अन्नटंचाई आली तेव्हा राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी, जे विरोधी पक्षाचे होते, १९४६ मध्ये याच माणसाला बोलावलं. सत्तरी ओलांडलेले हूवर विमानाने तीसहून जास्त देश फिरले, त्या दौऱ्यात भारतातही येऊन गेले. जर्मनीत शाळेतल्या लाखो मुलांना जेवण सुरू झालं ते त्यांच्या शिफारशीवरून. सरकारी खात्यांची फेररचना सुचवणाऱ्या दोन आयोगांचेही ते अध्यक्ष होते. २० ऑक्टोबर १९६४ ला, वयाच्या ९० व्या वर्षी, न्यूयॉर्कमध्ये त्यांचं निधन झालं.

तर, पास की नापास? माझं उत्तर असं आहे. मंत्री म्हणून डिस्टिंक्शन. राष्ट्राध्यक्ष म्हणून, बँका आणि घरकर्जाच्या पेपरात उशिरा का होईना पण पास. आयात कराच्या पेपरात नापास. आणि भुकेच्या पेपरात, म्हणजे जो त्यांचा सगळ्यात पक्का विषय होता त्याच पेपरात, नापास. हे शेवटचं नापास होणं अज्ञानातून आलं नाही. उपाशी लोकांना कसं जेवू घालायचं हे तेव्हा जगात त्यांच्याइतकं कोणाला माहीत नव्हतं. त्यांनी ते केलं नाही, कारण आधी जिथे यश मिळालं ते नक्की कशामुळे मिळालं, याचा हिशोब त्यांच्या मनात चुकीचा बसला होता. त्याची किंमत त्यांनी मोजली ती फक्त निवडणूक हरून. आर्कान्सासच्या घरांनी ती उपाशी राहून मोजली.

आपण पुढे जाऊन कारखाने चालवू, पूल बांधू, कोणी सरकारी खात्यात जाईल, कोणी राजकारणातही जाईल. तेव्हा आपल्याकडेही जुन्या यशाची एखादी रेडिमेड पद्धत असेल आणि ती सगळीकडे चालेल असं वाटेल. ती लावण्याआधी हूवर यांची आठवण करावी. आणि पद्धत बरोबर आहे पण समोरचा माणूस उपाशी आहे अशी वेळ आली, तर पद्धतीला थोडं थांबायला सांगावं. मेसमधला तो प्रश्न परत निघाला तर इंजिनिअरला निवडून द्यायला माझी काही हरकत नाही. फक्त मत देण्याआधी मी त्याला एकच विचारेन, की खेचराच्या मालकाचं काय?